लॉगबुकातील कोरी पाने

सामान्य काळातील पंचविसावा रविवार, वर्ष ‘क’
वाचने : आमोस ८:४-७, तीमथ्याला पहिले पत्र २:१-८, लूक १६:१-१३



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला एका कारभाऱ्याची गोष्ट सांगत आहे. मालकाची मालमत्ता उधळल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि मालकाने हिशेब मागितला. नोकरी जाणार हे कारभाऱ्याला कळून चुकले. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागायची लाज वाटते, अशा पेचात सापडलेल्या त्या माणसाने एक युक्ती काढली. मालकाच्या कर्जदारांना त्याने एकेक करून बोलावले. एकाचे शंभर मापे तेलाचे देणे होते, ते पन्नासावर आले. दुसऱ्याचे शंभर मापे गव्हाचे देणे होते, ते ऐंशीवर आले. कागद कर्जदाराचा, लिहिणारा हातही कर्जदाराचाच. बदलला तो फक्त आकडा. आणि हे सारे बसल्या जागी, झटपट उरकायचे होते.

दर तीन वर्षांनी हा उतारा आला की आपण अडखळतो. मालकाने अशा लबाड माणसाचे कौतुक कसे काय केले? मालकाने कौतुक केले ते त्याच्या दूरदृष्टीचे. उद्याचा विचार करून तो आज हलला, एवढेच. त्याची लबाडी प्रभूला मान्य आहे असा ह्याचा अर्थ नाही. म्हणूनच गोष्ट संपताच प्रभू लगेच सांगतो की, लहानशा गोष्टीत जो माणूस खरा असतो तोच मोठ्या गोष्टीतही खरा राहतो, आणि जो लहान गोष्टीत फसवतो तो मोठ्या गोष्टीतही फसवणारच. आज आपण ह्याच ‘लहानशा गोष्टी’विषयी थोडे चिंतन करू या. त्यासाठी कारभाऱ्याची वही बाजूला ठेवून आपण आपल्या घरातील एक वही उघडणार आहोत.

आपल्या धर्मग्रामातील काही मुले-मुली शाळेच्या स्काऊट पथकात आणि गाइड कंपनीत आहेत. स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी गणवेश घालून, गळ्यात स्कार्फ बांधून ती मिस्साला येतात तेव्हा आपल्या सर्वांनाच कौतुक वाटते. ह्या मुलांपुढे एक शिडी असते. प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार, आणि सर्वांत वरच्या पायरीवर राष्ट्रपती पुरस्कार. शाळकरी वयातील स्काऊट किंवा गाइडला आपल्या देशात मिळू शकणारा हा सर्वोच्च सन्मान आहे. तो एका परीक्षेत मिळत नाही. त्यासाठी काही वर्षे लागतात. दोराच्या गाठी, तंबू उभारणे, नकाशा व होकायंत्र वाचणे, पायी भ्रमंती, उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक, प्रथमोपचार, रात्रीचे शिबिर, समाजसेवा, असे एकेक करून शिकावे लागते. आणि जे शिकले, जे केले, ते तारीखवार लिहून ठेवावे लागते. ती वही म्हणजे लॉगबुक.

ह्या चळवळीची सुरुवात अगदी साधी होती. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. श्रीमंतांच्या शाळांतील मुले आणि कामकऱ्यांच्या घरांतील मुले त्यांनी मुद्दाम एकत्र आणली. पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले आणि चळवळ देशोदेशी पसरली. भारतात ती १९०९ मध्ये आली, पण सुरुवातीला भारतीय मुलांना तिची दारे बंद होती. तेव्हा १९१६ मध्ये अॅनी बेझंट यांनी आणि १९१८ च्या सुमारास पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी स्वतंत्र पथके उभी केली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली, आणि १९५१ मध्ये मुलींची संघटनाही तिच्यात सामील झाली.

ह्या इतिहासात एक गोष्ट कधीच बदलली नाही. प्रत्येक मूल सुरुवातीला वचन घेते. ईश्वर आणि देश यांच्याविषयीचे कर्तव्य पार पाडीन, इतरांना साहाय्य करीन आणि स्काऊटचे नियम पाळीन, असा त्या वचनाचा आशय आहे. सलाम करताना वर धरलेली तीन बोटे ह्याच तीन गोष्टींची आठवण करून देतात. आणि आपल्या देशातील स्काऊटच्या नऊ नियमांतील पहिलाच नियम विश्वासूपणाचा आहे. शौर्याचा नियम आहे, काटकसरीचा आहे, प्राण्यांवर व निसर्गावर प्रेम करण्याचाही आहे, पण ते सारे मागाहून येतात. असे का? कारण बाकीचे सर्व ह्या एका गोष्टीवर उभे आहे. मुलाने रानात काय केले, शेजारच्या आजीला मदत केली की नाही, दिवसाला एक सत्कृत्य केले की नाही, हे बघायला त्याच्या मागे कोणी फिरत नाही. तो सांगतो आणि आपण मानतो. तो लिहितो आणि सर त्याखाली सही करतात. मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, म्हणजे तो त्या विश्वासाला जागायला शिकतो, ही ह्या शिक्षणाची सगळी मदार आहे.

आता एक प्रसंग सांगतो. तो आपल्याच धर्मग्रामातला आहे. त्या मुलाच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने, नाव न घेता, आम्ही तो येथे मांडत आहोत.

काही महिन्यांपूर्वी घरभेटीसाठी आम्ही एका घरी गेलो होतो. रात्रीचे नऊ वाजले होते. नववीतला मुलगा नुकताच क्लासवरून आला होता आणि जेवत होता. समोर टेबलावर त्याचे लॉगबुक उघडे होते आणि आई त्यात लिहीत होती. अक्षर सुबक, मथळे लाल शाईने, कडेला फुलांची नक्षी. आम्ही कौतुकाने वही हातात घेतली. ‘समाजसेवा’ ह्या मथळ्याखाली जून महिन्यापासूनच्या तारखा होत्या. वृद्धाश्रमाला भेट, रस्त्याची सफाई, वृक्षारोपण. आम्ही मुलाला विचारले, ‘काय रे, वृद्धाश्रमात कोण कोण भेटले?’

मुलगा खाली बघू लागला. आई म्हणाली, ‘फादर, काय करणार? सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, रविवारी मिस्सा आणि धर्मशिक्षण. ह्याला वेळ कुठे आहे? पुढच्या आठवड्यात वही द्यायची आहे. सगळेच असे करतात.’ वडील म्हणाले, ‘पुरस्कार मिळाला तर दहावीला सवलतीचे गुण मिळतात. दोन-चार गुणांनी प्रवेश हुकतो हल्ली. उद्या अकरावीला चांगले कॉलेज मिळाले नाही तर मुलगा आम्हांलाच विचारील.’

बंधू-भगिनींनो, त्या आईवडिलांना आम्ही लगेच काही बोललो नाही. त्यांची काळजी खोटी नव्हती. फी, प्रवास, क्लास, सगळे जमवता जमवता ती दोघे थकून गेलेली होती. मुलाचे भले व्हावे म्हणूनच आई रात्री डोळे फोडून लिहीत होती. पण तेवढ्यात मुलगाच म्हणाला, ‘फादर, वचन घेताना मी देवाचे नाव घेतले होते. मग आता हे दिले तर ते पाप होईल का?’

घरात कोणीच काही बोलेना. आईने पेन खाली ठेवले. शेवटी आम्ही एवढेच म्हणालो की, उत्तर तुला माहीत आहे म्हणूनच तू विचारलेस. आज रात्री प्रार्थना कर, आणि उद्या काय करायचे ते आईबाबांशी बोलून ठरव.

नंतर कळले ते असे. मुलाने ती पाने काढून टाकली. त्याने वही नव्याने स्वतःच्या अक्षरात लिहिली. जे केले होते ते लिहिले, आणि समाजसेवेची पाने कोरी ठेवून तशीच सरांकडे दिली. सरांनी विचारले तेव्हा त्याने खरे सांगितले. अर्थातच त्या वर्षी चाचणी शिबिरासाठी त्याचे नाव गेले नाही. त्याच्या वर्गातील दुसऱ्या काही मुलांची गेली. वडील आठवडाभर त्याच्याशी नीट बोलले नाहीत. मुलगाही एकदा चर्चच्या पायरीवर बसून रडला, हे आम्ही पाहिले आहे. खरेपणाला किंमत पडते आणि ती किंमत खरी असते, हे आपण मुलांपासून लपवू नये.

आता प्रभूच्या गोष्टीकडे परत येऊ या. त्या कारभाऱ्याने काय केले? दुसऱ्याचा कागद दुसऱ्याच्याच हातून बदलून घेतला. म्हणजे लबाडी त्याची एकट्याची राहिली नाही, तो कर्जदारही तिच्यात सामील झाला. आपण मुलाच्या वहीत न केलेली सेवा लिहितो आणि खाली त्याची सही घेतो तेव्हा आपणही हेच करतो. आपल्याला वाटते आपण त्याला मदत करत आहोत. प्रत्यक्षात आपण त्याला शिकवत असतो की, कागदावर असले म्हणजे झाले, बघणारे कोणी नसले तर देवही बघत नाही. पुढे हाच मुलगा ग्रामपंचायतीत, बँकेत, कंत्राटदाराकडे किंवा इस्पितळात नोकरीला लागेल. तेथेही रजिस्टर असेल, तेथेही रकाने भरायचे असतील, तेथेही वरचा माणूस म्हणेल, ‘बस, लवकर लिहून टाक.’ तेव्हा त्याने नाही म्हणावे असे आपल्याला वाटत असेल तर ते ‘नाही’ त्याला आजच शिकू दिले पाहिजे. एकदम मोठ्या प्रसंगी ते तोंडातून निघत नाही.

आमोस संदेष्टाही पहिल्या वाचनात ह्याच दुखण्यावर बोट ठेवतो. तो तकोवाचा मेंढपाळ होता. इस्राएलमधील व्यापारी सण आणि शब्बाथ कधी संपतो ह्याची वाट पाहत बसत, कारण धान्याचे माप लहान करून आणि वजने खोटी करून विक्री करण्याची त्यांना घाई असे. उपासना चालू होती, सण पाळले जात होते, फक्त तराजू खोटा होता. ह्यात नागवला जाई तो गरीब. तेव्हा लक्षात घेऊ या की खोट्या नोंदीतही कोणीतरी नागवला जातो. वृद्धाश्रमाची भेट कागदावर झाली, म्हणजे तेथे खिडकीत बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे त्या दिवशी कोणीच गेले नाही. झाड कागदावर लावले गेले, म्हणजे ती जागा उजाडच राहिली. आणि ज्या मुलीने खरोखर घाम गाळून तीच सेवा केली, तिच्या वहीची किंमतही आपण कमी केली.

स्काऊट-गाइडमध्ये ‘खरी कमाई’ नावाचा एक सुंदर उपक्रम आहे. मुलांनी स्वतः काही काम करून, भेळ किंवा सरबत विकून, भाजी विकून, कोणाची गाडी धुऊन थोडेसे पैसे मिळवायचे आणि त्याचा हिशेब द्यायचा. पैसा कसा येतो, घामाचा रुपया कसा लागतो, हे मुलाला कळावे हा त्यामागचा हेतू. पण कित्येक घरांत काय होते? वेळ नाही म्हणून वडील खिशातून शंभराची नोट काढतात आणि म्हणतात, ‘हे घे, खरी कमाई म्हणून लिही.’ खऱ्या कमाईची पहिलीच नोंद खोटी! प्रभू आज धनाविषयी बोलताना देव आणि पैसा असे दोन धनी एकाच माणसाला चालणार नाहीत, असे बजावतो. ती निवड फक्त लक्षाधीशांनी करायची नसते. ती शंभराच्या नोटेवरही करावी लागते.

येथे कोणी विचारील, ‘फादर, एवढ्याशा वहीसाठी एवढे कशाला?’ म्हणून ह्या चळवळीतच वाढलेल्या एका माणसाची आठवण करू या. धन्यवादित स्तेफान विन्सेन्टी फ्रेलिखोव्स्की यांचा जन्म १९१३ मध्ये पोलंडमध्ये झाला. शाळकरी वयातच ते स्काऊट झाले. त्या वयात ते रोजनिशीही लिहीत असत आणि तीत स्वतःच्या उणिवा मांडत असत. १९३७ मध्ये त्यांना धर्मगुरुदीक्षा मिळाली. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, नाझींनी त्यांना अटक केली. एका छळछावणीतून दुसऱ्या छावणीत असे करत अखेर त्यांना डाखाऊ येथे नेण्यात आले. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तेथे टायफसची साथ पसरली. आजारी कैद्यांच्या बराकीकडे फिरकायला कोणी धजत नव्हते. हा तरुण धर्मगुरू आपणहून त्यांच्यात गेला. त्याने त्यांची शुश्रूषा केली, मरणाऱ्यांना प्रभूचा आधार दिला, आणि तोच रोग जडून २३ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तो मरण पावला. छावणी मुक्त व्हायला तेव्हा दोन महिने उरले होते. ७ जून १९९९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पुढे पोलंडमधील स्काऊट त्यांना आपले आश्रयदाते मानू लागले.

त्या बराकीत लॉगबुक नव्हते. सही करायला सर नव्हते. बॅज नव्हता, सवलतीचे गुण नव्हते. मग ते आत कसे गेले? लहानपणापासून ज्याने कोणी बघत नसतानाही स्वतःचा खरा हिशेब ठेवला, त्याला त्या दारापाशी वेगळा निर्णय घ्यावा लागला नाही. तयार राहणे हे स्काऊटचे ब्रीद आहे. तंबूच्या खुंट्या आणि प्रथमोपचाराची पेटी एवढ्यापुरती ती तयारी असती तर प्रश्नच नव्हता. मुख्य तयारी मनाची आहे, आणि ती रोजच्या बारीकसारीक खरेपणातून होत असते.

आता आपण प्रत्यक्ष काय करायचे?

आईवडिलांनो, लॉगबुक मुलाला लिहू द्या. अक्षर वाकडे येऊ द्या, चित्र बिघडू द्या. आपण फक्त जवळ बसू या. ‘बॅज मिळाला का?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय केलेस?’ असे विचारू या. त्याला सेवेसाठी वेळ नाही असे वाटत असेल तर एखादा क्लास कमी करून बघू या. शंभर रुपये हातावर ठेवण्याऐवजी वाडीत केळीचा घड उतरवायला, पालापाचोळा काढायला, बाजाराच्या दिवशी भाजीच्या जुड्या बांधायला त्याला बरोबर घेऊ या आणि त्याची मजुरी त्याला देऊ या. गाठी कशा मारायच्या हे त्याला त्याच्या आजोबांकडूनही शिकता येईल. ज्यांनी होडीचे दोर बांधले, बैल बांधले, मांडव घातले, ते हात अजून आपल्या घरात आहेत.

मुलांनो, पान कोरे असेल तर कोरे राहू द्या. कोऱ्या पानाची लाज वाटू देऊ नका. कोरे पान उद्या भरता येते. खोटे भरलेले पान मात्र आधी पुसावे लागते, आणि ते पुसायला फार धैर्य लागते. कोणाच्या वहीत असे काही आधीच लिहून झाले असेल तर घाबरू नका. प्रायश्चित्त संस्काराला या, आणि मग आपल्या सरांना किंवा ताईंना सांगा. परमेश्वर आपल्याला हिशेब विचारतो तो आपल्याला हाकलून देण्यासाठी नव्हे. नव्याने लिहायला तो नेहमी पान देतो.

आणि आपण सर्व धर्मग्रामस्थांनी मुलांना खरी सेवा करण्याची संधी दिली पाहिजे. आपल्या गावात बावखले गाळाने आणि प्लास्टिकने भरत चालली आहेत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची यादी आपल्या संत विन्सेंट दी पॉल संस्थेकडे आहे. आपल्यात कित्येक परिचारिका आहेत, ज्या रविवारी तासभर प्रथमोपचार शिकवू शकतील. मुले सेवा करत नाहीत अशी तक्रार करण्याआधी, आपण त्यांना एकदा तरी हाक मारली का, हे स्वतःला विचारू या.

आम्हा धर्मगुरूंचीही ह्यात चूक आहे, ती आज कबूल केली पाहिजे. वागणुकीचा दाखला, सेवेचा दाखला, वेदीसेवक असल्याचा दाखला मागायला लोक कार्यालयात येतात. घाईत आम्हीही कधी न बघता सही केली आहे. कोणाला दुखवू नये म्हणून जे माहीत नाही ते लिहून दिले आहे. ह्यापुढे तसे होणार नाही. जे आम्ही पाहिले आहे तेवढेच आम्ही लिहू. कोणी रागावले तर कृपया समजून घ्यावे.

दुसऱ्या वाचनात संत पौल आपल्याला सर्व माणसांसाठी, विशेषतः राज्यकर्त्यांसाठी व अधिकारपदावर असलेल्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो. राष्ट्रपती पुरस्कार देशाच्या पहिल्या नागरिकाच्या नावे दिला जातो. म्हणजे सारा देश त्या मुलाला म्हणतो की, आमचा तुझ्यावर विश्वास आहे. देशाला सचोटीचे अधिकारी आणि पुढारी मिळावेत म्हणून आपण दर रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनेत विनंती करतो. ते अधिकारी आकाशातून पडणार नाहीत. ते आज आपल्याच घरात बसून कसली ना कसली वही भरत आहेत.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्हांला ऐकावेसे वाटेल. जुलैपासून दर शनिवारी दुपारी तो आपल्या वाडीतील एका अंथरुणाला खिळलेल्या काकांकडे जातो. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो, उशी नीट करतो, पाण्याचा तांब्या भरून ठेवतो. परवा त्याने त्याचे लॉगबुक आम्हांला दाखवले. अक्षर काही फार चांगले नाही. एका शनिवारपुढे त्याने लिहिले आहे की, पाऊस होता आणि कंटाळा आला म्हणून गेलो नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी लिहिले आहे की, काकांनी विचारले, मागच्या वेळी का आला नाहीस. त्या दोन ओळी वाचून आम्हांला फार बरे वाटले. एक-दोन वेळा त्याला सोडायला त्याचे वडील आले होते. आता तेही आत येऊन काकांपाशी बसतात. मुलाला पुरस्कार मिळेल की नाही हे चाचणी शिबिरात ठरेल. मिळावा अशी आपण प्रार्थना करू या. पण लहानशा गोष्टीत तो खरा राहिला, ही नोंद प्रभूच्या वहीत झालेली आहे.

थोड्याच वेळात वेदीवर भाकर आणि द्राक्षारस वाहिला जाईल. त्याबरोबर आपणही आपली वही मनोमन प्रभूपुढे ठेवू या. भरलेली पाने, खोटी पाने, कोरी पाने, सगळीच.

हे प्रभू येशू, तू आमच्या हाती फार थोडे दिले आहेस असे आम्हांला कधी वाटते. त्या थोडक्यात आम्हांला खरे राहू दे. आमच्या मुलांना खरे बोलण्याचे धैर्य दे, आणि ती खरे बोलतील तेव्हा ते ऐकून घेण्याचे धैर्य आम्हा मोठ्यांना दे. आमच्या वहीतील खोटे पुसून टाक आणि कोरी पाने तुझ्या सेवेने भरण्यास आम्हांला साहाय्य कर. आमेन.